बारा दै, फसली तेराशे तीस

९ मार्च २०१६, बुधवार

टँकर आलाच नाही. सकाळपासून चार वेळा गॅलरीत जाऊन आले. बोअर जानेवारीतच आटलं. बीड बायपासलगत या सातारा परिसरात फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डर छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "ताई, इथं पाण्याची काळजीच सोडा." सोडली! आता घरात दोन बादल्या आहेत आणि कालची भांडी तशीच पडलीत.

अनंतरावांना त्याचं काही नाही. नऊ वाजता टीव्ही लागतो तो झोपेपर्यंत. खून, खून आणि खून. तेही जुने, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे, ज्यात कुणी पकडलंच गेलं नाही असे. चिकलठाण्याच्या कारखान्यात तीस वर्षं मशिनं दुरुस्त केली, आता बसल्या बसल्या खून दुरुस्त करतात. आज म्हणाले, "शैला, हा नवऱ्यानंच केलाय बघ." म्हटलं, या पंधरवड्यातला हा सहावा नवरा. तर म्हणे, "मग? जवळचाच असतो नेहमी."

गुडघे दुखतात. पुरे.

११ मार्च, शुक्रवार

पुण्याहून एका मुलीचा फोन. हिमानी. तिची कंपनी मराठी वाहिनीसाठी जुन्या, न सुटलेल्या खुनांवर माहितीपट काढते. एक भाग आपल्याकडचा आहे, निजामाच्या काळातला. कागद मोडीत आणि उर्दूत आहेत, वाचणारं कुणी मिळेना. माझं नाव कुणीतरी सुचवलं. दप्तरखान्यात एकतीस वर्षं हेच वाचत बसले, निवृत्त होऊन चार वर्षं झाली, सुटले वाटलं होतं.

"नाही" म्हणणारच होते. पण अनंतराव सोफ्यावरून हातवारे करायला लागले — हो म्हण, हो म्हण! या माणसाला इतक्या दिवसांत इतका ताठ बसलेला पाहिला नव्हता.

१३ मार्च, रविवार

कागद आले. छापून आणले. दुपारी सगळे झोपल्यावर वाचले. सगळे म्हणजे अनंतराव.

फुलंब्रीकडचं बोरदरी गाव. तिथले देशमुख, तात्यासाहेब. मळ्यातल्या विहिरीजवळ कुऱ्हाडीचे तीन घाव. तारीख १२ दै १३३० फसली. संशय त्यांच्या सालगड्यावर, कडुबावर. साक्षीदार एकच, गावचा पटवारी. "पहाटे कडुबास कुऱ्हाडीसह मळ्यातून येताना समक्ष पाहिले." कुऱ्हाड मिळाली नाही. कडुबाला दोन वर्षं आत ठेवून सोडून दिला. गुन्हा शाबीत नाही. फाईल बंद.

खाली पटवाऱ्याची सही. ती मी लांबूनही ओळखली असती. तो पटवारी म्हणजे माझे आजोबा.

आजोबा बोरदरीला होते एवढंच ठाऊक होतं. या खुनाबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. अण्णा, माझे वडील, दिवाणखान्यातल्या आजोबांच्या फोटोकडे बोट करून म्हणायचे, "यांनी लिहिलेली ओळ तालुक्यात कुणी खोडली नाही." तोच फोटो आता माझ्या घरात टीव्हीच्या वर आहे. अण्णांनी जाताना दिला.

हिमानीला सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही. अनंतरावांनाही नाही, ते लगेच तपास सुरू करतील.

२० मार्च, रविवार

दोन दिवसांनी टँकर. आमच्या गल्लीत सध्या देवानंतर कारभारी. टँकरवरचा ड्रायव्हर, पंचेचाळीसचा असेल, शांत माणूस. कोणी कितीही भांडलं तरी पाइप सोडत नाही की आवाज चढवत नाही.

आज माझा ड्रम भरता भरता म्हणाले, "काकू, तुम्ही जुनं दप्तर वाचता म्हणं? ती टीव्हीवाली पोरगी आमच्याकडं बी आल्ती."

म्हटलं, तुमच्याकडं कशाला?

"कडुबा माझा आजा. बापाचा बाप."

पाणी ड्रमवरून वाहून गेलं तरी माझं लक्ष नाही. त्यांनीच पाइप काढला.

अजून बोरदरीतच राहतात. रोज मोटारसायकलवर येतात, टँकर चालवून परत. सांगत होते, "गावात आमच्या घराला कुऱ्हाडवालेच म्हणत्यात. शाळेच्या दाखल्यावर आडनाव येगळं, पण बोलण्यात कुऱ्हाडवाले. माझा बाप सांडू, त्याला तर शाळेत मास्तर बी कुऱ्हाड्या म्हणून हाक मारायचा." मुलगी श्रेया नर्सिंग झालीय. सिल्लोडचं स्थळ आलंय, मुलगा चांगला आहे, दोघांना पसंत आहे. पण मुलाच्या आजोबांच्या कानावर गेलं, की तेच घर का हे? सुपारी फोडायची थांबलीय. "म्हातारं म्हणतं, टीव्हीवर काय दाखवत्यात ते बघू, मग ठरवू."

मग म्हणाले, त्यांच्याकडं एक कागद आहे. आज्याचा. इंग्रजीत. पुढच्या खेपेला आणतो.

मी "आणा" म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

२३ मार्च, बुधवार

होळी. सोसायटीनं यंदा रंगाला बंदी केली. नाहीतर कोण खेळणार होतं.

हिमानीला तारखांचा तक्ता हवाय. फसली म्हणजे काय, तिनं विचारलं. निजामाचं सरकारी साल. बेरीज करून इंग्रजी साल काढायचं, महिना बघून. "मॅडम, माझ्या डोक्यावरून गेलं, तुम्हीच करून द्या."

माझ्याकडून मात्र अण्णांनी हे आठव्या वर्षी घोकून घेतलं होतं. फसलीत पाचशे एक्याण्णव मिळव. पण ते साल ऑक्टोबरात लागतं, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांना पाचशे नव्वदच. जेवताना मध्येच एखादा महिना विचारायचे, "दै?" मी तोंडात घास ठेवून, बोटं मोडत — आजर, दै, बहमन, एक कमी! मग ताटात तुपाची धार पडायची. तूप आवडायचं मला.

२७ मार्च, रविवार

कारभारी कागद घेऊन आले. तपकिरीच्या डबीत, आठ घड्या घातलेला. टँकरचा पाइप सोडून वर आले, चपला बाहेर काढल्या, खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

छापील फॉर्म, शाईनं भरलेला. दुष्काळी कामाची हजेरी-चिठ्ठी. फर्दापूरचा घाट उतरून खाली खानदेशात, इंग्रजांच्या हद्दीत, सडकेची खडी फोडायचं काम. नाव कडुबा, गाव बोरदरी. नोव्हेंबर १९२०. हजेरी पूर्ण महिना.

"आज्यानं ही पटवाऱ्याला दाखवली व्हती," कारभारी म्हणाले. "म्हणला, खून झाला तव्हा मी इथं नव्हतोच, हे बघा. पटवारी वाचून म्हणला, ही दुसऱ्या सालाची हाय, कामाची नाय. आज्याला इंग्रजी कुठं येत व्हतं. पण मरेस्तोवर म्हणायचा, साल तेच व्हतं. म्हणून बापानं जपून ठिवली."

१३३० अधिक ५९१. खून १९२१ चा. चिठ्ठी १९२० ची. एक वर्ष आधीची. तसं सांगितलं त्यांना.

चिठ्ठीवरून एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हंजी तसंच असंल." कागद परत आठ घड्यांत डबीत. जिना उतरताना विचारलं, "काकू, वरच्या टाकीत पाणी चढलं का नीट?"

डोकं दुखतंय. उन्हात फार वेळ उभी होते.

२८ मार्च, सोमवार

तक्ता पाठवला. खून — नोव्हेंबर १९२१.

५ एप्रिल, मंगळवार

हिमानीचा फोन. "मॅडम, तारीख पक्की ना? कारभारींनी मलाही ती चिठ्ठी दाखवली होती. ती जुळली असती तर मी सगळा भागच उलटा फिरवला असता. पटवाऱ्यावर नेला असता." म्हटलं, पक्की. "मग कडुबाच ठेवते. शेवटी प्रेक्षकांना एक चेहरा लागतो हो."

वाईट मुलगी नाही. तिला तिचं काम आहे.

१९ एप्रिल, मंगळवार

लातूरला रेल्वेनं पाणी नेतायत म्हणे. आम्हाला आठवड्यातून दोनदा टँकर, म्हणजे आम्ही सुखीच म्हणायचं. बीड बायपासला अजून तीन इमारतींचे खांब उभे राहिलेत. बाहेर मोठी पाटी, चोवीस तास पाणी. वाचून हसूही आलं नाही.

आज आजोबांच्या फोटोची काच पुसली. ओल्या फडक्यानं. अनंतराव म्हणाले, "प्यायला पाणी नाही आणि सासरेबुवांच्या वडिलांना आंघोळ?"

झोप लागत नाही. लागली तर पहाटे जाग येते, आणि मग उगाच वाटतं की आजोबांना त्या पहाटे नक्की कुणी उठवलं असेल.

३ मे, मंगळवार

बेचाळीस अंश. काही लिहायचं नाही.

२९ मे, रविवार

लागला तो भाग. अनंतरावांनी दुपारचा चहा लवकर घ्यायला लावला, शेजारच्यांनाही बोलावलं.

बोरदरी वरून दाखवलं, सगळं पिवळं. विहीर दाखवली, तळ उघडा पडलेला. मग एक काळासावळा धिप्पाड नट, खांद्यावर कुऱ्हाड, हळूहळू चालत येतो. खरा कडुबा कसा दिसायचा कुणास ठाऊक. फोटो कुठून असणार. चार वेळा तोच चालत आला. निवेदक म्हणाला, एक कागद त्याच्या बाजूनं होता, पण तज्ज्ञांच्या मते तो वर्षभर आधीचा निघाला. शेवटी — कडुबा कोर्टातून सुटला, पण सत्यातून सुटला का?

मग नावं. 'कागदपत्रांचं वाचन' आणि पुढं माझं नाव. अनंतरावांनी टीव्हीचाच फोटो काढला, पुण्याला मुलाला पाठवला. शेजारच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी आत जाऊन गॅस बंद आहे का बघितलं.

जेवताना म्हणाले, "पण मला तो पटवारी पटला नाही. एकटाच कसा काय जागा एवढ्या पहाटे? आणि देशमुखाच्या मळ्यात त्याचं काय काम?"

म्हटलं, तुम्हाला कधी कोण पटलंय. आमटी वाढू का?

१ जून, बुधवार

टँकरवर दुसराच माणूस. कारभारी रजेवर आहेत म्हणे.

३ जून, शुक्रवार

आले. दाढी वाढलेली. ड्रम भरला. मीच विचारलं, सिल्लोडचं काय झालं.

"मोडलं. पोराला हवं व्हतं, पण म्हातारं म्हणलं, आता टीव्हीवर आलं, म्हंजी शिक्काच बसला." श्रेयाच्या दवाखान्यातल्या मुलींनी टीव्हीवरचा तो कुऱ्हाडीचा तुकडा फोनवर फिरवला. ती दोन दिवस कामाला गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली. "म्हणली, बाबा, मी तर कुऱ्हाड कधी हातात धरली नाय."

मी ड्रमचं झाकण पुसत राहिले. त्यांनाच वाटलं मला वाईट वाटतंय, मलाच समजावायला लागले. "तुमचा काय दोस, काकू. कागद बोलला ते तुम्ही सांगितलं."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. शिव्या तरी द्यायच्या.

४ जून, शनिवार

आज अण्णांची जुनी वही काढली. सहजच. बारा महिन्यांचा तक्ता आहे त्यात, त्यांच्या अक्षरात. दै — दुसरा महिना. नोव्हेंबर. पाचशे नव्वद.

म्हणजे १९२०.

मी चुकले. त्या दिवशी खाली टँकर चालू, डोकं दुखत होतं, घाई होती, सरसकट ५९१ मिळवले. एकतीस वर्षं हे काम केलं आणि पोरासोरांची चूक केली. खून नोव्हेंबर १९२० मध्ये झाला. चिठ्ठी नोव्हेंबर १९२० ची. कडुबा त्या पहाटे घाटाखाली पन्नास-साठ मैलांवर खडी फोडत होता. आजोबांनी त्याला कुठंही पाहिलेलं नाही.

कोणाला वाचवायला लिहिलं त्यांनी, की स्वतःलाच? आता कोण सांगणार. खून तर सुटलेला नाहीच. एवढंच, की कडुबा नव्हता.

६ जून, सोमवार

हिमानीला फोन केला. तिनं तारीख दोनदा सांगायला लावली. मग म्हणाली, "लेखी द्या, मॅडम. पुन्हा दाखवू तेव्हा दुरुस्त करून दाखवू. वाहिनीवर खुलासाही देऊ." आणि मग हळूच, "होतं हो असं, वयामुळं."

पत्र लिहिलं. 'प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे व थकव्यामुळे सन-रूपांतरात माझ्याकडून अनवधानाने चूक झाली.' चांगलं लिहिलं. कचेरीत एकतीस वर्षं असंच लिहीत आले.

८ जून, बुधवार

कारभारींना सांगितलं. गेटपाशीच. पत्राची प्रत दिली.

दोनदा वाचलं त्यांनी, ओठ हलवत. मग टँकरच्या पायरीवर बसले. पाणी चालूच होतं, वरून कोणीतरी ओरडलं, ड्रम भरला, ड्रम भरला. ते उठले नाहीत. पाइप मी काढला.

"म्हंजी आजा खरं बोलत व्हता," म्हणाले. रुमालानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. "माझा बाप ऐकायला पायजे व्हता."

मी म्हटलं, माफ करा.

"चूक व्हती माणसाकडून. तुम्ही कबूल तर केली. त्या पटवाऱ्यानं तेवढं बी नाय केलं." आणि हात जोडले. मला! भर रस्त्यात.

मग माझे दोन ड्रम जास्तीचे भरले, नको नको म्हणताना. पत्र घेऊन उद्याच सिल्लोडला जाणार म्हणाले. संध्याकाळी श्रेयाचा मेसेज आला. 'काकू, तुमचे खूप खूप आभार. आमच्या घरासाठी आजपर्यंत एवढं कुणीच केलं नाही.'

१० जून, शुक्रवार

सिल्लोडचे लोक रविवारी बोरदरीला येतायत. सुपारी फुटणार. आम्हा दोघांना आग्रहाचं बोलावणं. कारभारी म्हणाले, "काकू, पयला मान तुमचा." अनंतरावांनी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आहे. मी म्हटलं, गुडघे दुखतात, बघू.

११ जून, शनिवार

ते दोन ड्रम अजून तसेच भरलेले आहेत. अनंतराव म्हणाले, "या पाण्याला सुतक आहे का? वापर की."

दुपारी आजोबांचा फोटो काढून कपाटात ठेवला. भिंतीवर चौकोन राहिला.

नंतर, तीच तारीख

चूक नव्हती.

कारभारी डबी उघडत होते तेव्हाच बोटं आपोआप मोडली गेली होती. दै, एक कमी. वीस. तोंडानं मी एकवीस म्हटलं. आजोबांनी त्याच कागदाकडं बघून जे सांगितलं, तेच मी सांगितलं, आणि त्यांच्यासारखंच समोरच्यानं ते मानलं. चार तारखेचं इथलं लिहिणं खोटं. पत्र खोटं. तो पटवारी माझा कोण, हे त्यांना अजून माहीत नाही.

उद्या बोरदरीला जाईन. सुपारी फुटायच्या आधी नाही, नंतर, कारभारींच्या हातात ही वही देईन. मराठीत आहे. वाचून दाखवायला माझी गरज पडणार नाही.